रवळनाथाचा कौल आणि पाच दांड्या

वाचकहो, यापुढे मी जे निवेदन करणार आहे ते माझ्या विवाहाच्या निश्चितीविषयी आणि आमच्या गावी उभ्या राहिलेल्या एका मनोऱ्याविषयी आहे. या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न आपणांस पडणे स्वाभाविक आहे. मी व्यवसायाने सुतार असून माझे शालेय शिक्षण आठवीत थांबले, तथापि वाचनालयाचा जुना सभासद असल्याने जे घडले ते क्रमाने व शक्य तितक्या शुद्ध भाषेत मांडतो. जिथे मनात चीड दाटून येईल तिथे लेखणी आवरीन, असे आश्वासन मात्र मी देऊ शकत नाही.

"गुरवकाका, थोडं बाजूला सरका. तुमच्या पाठीमुळे देव दिसत नाहीये."

हे वाक्य आमच्या सुरंगवाडीच्या रवळनाथाच्या गाभाऱ्यासमोर, भर सकाळी, निनाद नावाच्या तरुणाने उच्चारले. तो दूरध्वनी कंपनीचा प्रतिनिधी होता. त्याच्या सदऱ्यावर विजेची आकृती छापलेली होती आणि त्याने माझा फोन एका तिपाईवर देवाकडे तोंड करून बसवला होता.

भाऊ गुरव वळले. त्यांच्या हातात ओल्या कळ्यांचे ताट होते.

"कौल मी लावतलंय. मी खंय सरकू?"

"लावून झाला की सरका. कुवेतला क्लिअर दिसलं पाहिजे."

"तसा नको. देवाकच जरा सरकव. तो काय बोलाचो नाय."

सभामंडपात हशा पिकला. मी हसलो नाही, कारण त्या दिवशीचा कौल माझा होता.

परगावच्या वाचकांसाठी ही रीत येथे सांगणे आवश्यक आहे. आमच्या भागात लग्न ठरवण्यापूर्वी ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेली एकेक कळी चिकटवतात व गाऱ्हाणे घालतात. उजवी कळी आधी पडली तर होकार. डावी आधी पडली तर नकार. दोन्ही चिकटूनच राहिल्या तर देव मुका राहिला असे म्हणतात, आणि तोही नकारच मानला जातो. एका प्रश्नाचा कौल दुसऱ्यांदा मागत नाहीत.

माझा प्रश्न दर्शनाविषयी होता. तिच्या घरी मागील दाराची चौकट बसवण्यास मी गेलो असता आमचा परिचय झाला. चौकटीचे काम आटोपले तरी परिचय आटोपला नाही. तिच्या आईची, म्हणजे वनिताकाकींची, हरकत नव्हती. परंतु दर्शनाचे वडील हयात नसल्याने घरातील शब्द थोरला भाऊ विश्राम याचा होता, आणि विश्रामदादा कुवेतला वातानुकूलित यंत्रांच्या कामावर होते. त्यांनी निरोप धाडला होता की कौल उजवा झाला तर माझी ना नाही, मात्र तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन. अन्यथा त्यांच्याच खोलीवर राहणारा एक मित्र गणपतीला रजेवर येणार होता, आणि त्याच्याशी दर्शनाचा साखरपुडा व्हावयाचा होता.

या हट्टाला कारण होते. दर्शनाची थोरली बहीण मनीषाताई हिच्या लग्नाच्या वेळीही विश्रामदादा कुवेतलाच होते. कौलाला घरातून मामाच गेले होते; तो उजवा झाला, असे त्यांनी घरी व कुवेतला फोनवर कळवले. वस्तुतः तो डावा झाला होता. लग्न झाले, नवरा व्यसनी निघाला, आणि मनीषाताई दोन वर्षांत माहेरी परतली. खरी गोष्ट उघड झाल्यापासून विश्रामदादा मामांशी एक अक्षर बोलले नव्हते. मामांनीही स्वतःच्या बाजूने कधी एक शब्द काढला नव्हता.

आता अडचण अशी की आमच्या गावात फोन हमखास लागण्याचे ठिकाण एकच होते: सड्यावरील, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या माळावरील, एक काळा कातळ. त्यावर उभे राहिले की खाडीपलीकडच्या जुन्या मनोऱ्याच्या सिग्नलची एक दांडी मिळे आणि आवाज ऐकू येई. चित्र कधीच येत नसे. त्यामुळे माझे लग्न वर्षभर त्या एका दांडीवर लोंबकळत राहिले.

अशा परिस्थितीत नव्या मनोऱ्याची वार्ता आली तेव्हा माझ्याइतका आनंद गावात अन्य कोणास झाला नसेल. उद्घाटनाचे व्यासपीठ मी हौसेने उभारले. त्या व्यासपीठावरून निनाद म्हणाला की पापणी लवायच्या आत अख्खा सिनेमा फोनमध्ये उतरेल, आणि मुंबईचा डॉक्टर मुंबईतूनच इथल्या पेशंटचं ऑपरेशन करेल.

"मुंबयचो डॉक्टर हय गाडी घेवन येना नाय," भाऊ गुरव खालून म्हणाले, "आणि हात तेवढो धाडतलो?"

निनादने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. मी मात्र गुरवांकडे रागाने पाहिले. माझा विश्वास निनादवर होता. नवा फोन मी याचसाठी घेतला होता. सरपंच सुलभाताईंनी कल्पना काढली की नव्या नेटवर्कवरील पहिला कॉल म्हणून माझा कौलच कुवेतला दाखवावा. निनादला ती अतिशय पसंत पडली.

तर, कॉल लागला. येथे मी कंपनीवर अन्याय करू इच्छित नाही. विश्रामदादांचा चेहरा इतका स्वच्छ उमटला की त्यांच्या हनुवटीवरील वस्तऱ्याची जखमसुद्धा दिसली. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते खाटेवर बसले होते. वनिताकाकींना दोन वर्षांनी पुत्राचे मुख दिसत होते. त्या पदराने स्वतःचे डोळे पुसण्याऐवजी फोनची काच पुसू लागल्या.

"काकू, हात नका लावू," निनाद म्हणाला. "आणि बाकी सगळ्यांनी आपापले फोन बंद करा. म्हणजे फुल स्पीड मिळेल."

सर्वांनी आज्ञाधारकपणे फोन बंद केले. चित्रण करण्यासाठी दोघातिघांनी हात वर केले होते, तेही खाली आले. या गोष्टीची नोंद वाचकांनी घ्यावी.

भाऊ गुरवांनी कळ्या लावल्या, देवाच्या मस्तकावर पाणी घातले आणि गाऱ्हाण्याला प्रारंभ केला.

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुज्या पायाकडे इल्ली आसत."

"व्हय म्हाराजा," सभामंडप म्हणाला.

"व्हय म्हाराजा," सर्वांचे म्हणून झाल्यावर कुवेतहून एकटाच आवाज आला.

"भिवा मेस्त्र्याच्या झिलाचा आणि दर्शनाचा लगीन जुळवचा काय नाय, तो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"व्हय म्हा," कुवेतहून आले, आणि थांबले.

"आता सरका, सरका," निनाद कुजबुजला. गुरव नाखुशीने खांबाच्या आड गेले. फोनच्या काचेवर विश्रामदादा हात जोडून, तोंड अर्धे उघडे ठेवून स्थिर झाले होते. भक्तिभावाने स्थिर झाले असावेत, असे मला प्रथम वाटले. परंतु त्यांच्यामागील पंखाही स्थिर होता.

"अटकलं वाटतं," सुलभाताई म्हणाल्या.

"नाही नाही. सेटल होतंय." निनादने काचेवर बोट फिरवले. "बघा ना, पाचही दांड्या आहेत."

आम्ही पाहिले. पाच दांड्या होत्या. शेजारी नव्या नेटवर्कची खूण होती. विश्रामदादा किंचित हलले, त्यांचे चौकोनी तुकडे झाले, पुन्हा जुळले आणि पुन्हा थांबले. मी फोन तिपाईवरून काढून हलवला. दर्शना माझ्या खांद्यावरून पाहत होती. वनिताकाकी "विश्राम, विश्राम" अशा हाका मारीत होत्या. सुलभाताईंनी फोन बंद करून पुन्हा सुरू करण्याची सूचना केली. खांबाआडचे गुरवसुद्धा नेमके काय झाले ते पाहण्यासाठी मान लांब करून आमच्यात आले.

"प्रॉब्लेम तिकडचा असणार," निनाद म्हणाला. "कुवेतचा. आपल्याकडे फुल आहे."

"दांडे मोजून काय करूचा?" गुरव म्हणाले. "माणूस खंय आसा?"

आणि बोलता बोलता त्यांनी सवयीने देवाकडे पाहिले. त्यांचा चेहरा पालटला.

दोन्ही कळ्या देवाच्या पायाशी पडलेल्या होत्या.

सभामंडपात प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहू लागला, कारण शेजाऱ्याने पाहिले असेल अशी प्रत्येकाला आशा होती.

"खयची पयली पडली?" गुरवांनी विचारले.

लोक एकमेकांना कोपराने ढोसू लागले.

"कोणीच बगूक नाय?"

"काका, तुम्ही तरी," मी म्हणालो.

"माका बाजूक कोणी केल्यान?" ते माझ्यावर उसळले. "चाळीस वर्सां मी थंय उबो ऱ्हवतंय. आज फोटोत माजी पाठ येता म्हणान माका खांबामागे घातल्यात. आणि वर माकाच विचारतंस."

निनादला काय बिनसले ते समजले नव्हते. तो उत्साहाने म्हणाला, "मग परत करू या ना. पाच मिनिटांत नेटवर्क येईल, तेव्हा पुन्हा कळ्या लावा."

"बाळा," गुरव अत्यंत शांतपणे म्हणाले, "हो देव आसा. तुमचो रिचार्ज न्हय."

दुसऱ्यांदा कौल नाही, पाहणारा साक्षीदार नाही, चित्रण नाही. वर्षभर मी ज्या मनोऱ्याची वाट पाहिली, तो दारातून दिसत होता. ऐन घटकेला गावातील प्रत्येक मान त्याने माझ्या फोनकडे वळवली होती.

"उजवी पडली पयली."

मागच्या खांबाजवळून मनीषाताई बोलली. माहेरी परतल्यापासून ती शुभकार्यात पुढे येत नसे, मागेच उभी राहत असे. तिथून फोन दिसत नव्हता.

"तू बगलंस?" गुरवांनी विचारले.

"बगलंय. उजवी पडली, मगे डावी."

गुरवांनी तिच्याकडे टक लावून पाहिले, मग देवाला नमस्कार केला. "झालो कौल," ते म्हणाले. "आता कुवेताक कळवा."

परंतु कुवेतला कळवायचे कसे? आम्ही सड्यावरील कातळाकडे धावलो. मी, दर्शना, मनीषाताई, मागून वनिताकाकी, आणि त्यांच्यामागे निनाद. कातळावर फोनने पाच दांड्या दाखवल्या आणि काहीही जोडून दिले नाही. जुन्या मनोऱ्याची ती एकुलती दांडी आता फोन पकडीचना.

"तो जवळचा टॉवरच पकडणार," निनाद धापा टाकीत म्हणाला. "ऑटोमॅटिक आहे."

"मग लांबचो पकडूचो कसो?" मनीषाताईने विचारले.

"लांबचा कशाला हवाय? इथे फुल आहे ना."

पुढे एका जाणकाराने मला सांगितले की मनोरा तेव्हा नुसता उभा होता. त्याच्यापर्यंत यायची मुख्य तार खाडीपलीकडेच पडून होती, आणि उद्घाटनाच्या दिवसापुरती एक अरुंद जोडणी करून वेळ मारून नेली होती. दांड्या फक्त मनोरा किती जवळ आहे ते सांगत होत्या. मी एखाद्याच्या घराला नक्षीदार चौकट बसवली, दार लावले, कडीकोयंडे लावले आणि मागची भिंत फोडलीच नाही, तर गिऱ्हाईक मला काय म्हणेल? मला उंबरठ्यावर उभे करून ठेवील. यांनी त्याचे उद्घाटन केले आणि नारळ फोडला.

"तरीर चला," मनीषाताई म्हणाली. "थंयसून टॉवर दिसणा नाय."

तरीचा, म्हणजे होडीचा, धक्का डोंगराच्या कुशीत, खाडीला लागून आहे. आम्ही पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून तिथे पोचलो. डोंगर आड आला, मनोरा दिसेनासा झाला आणि माझ्या फोनवरील पाच दांड्या गळून एकच उरली. तत्क्षणी फोन वाजला.

आवाज क्षीण असल्याने मी स्पीकर लावला.

"कोण ता?" विश्रामदादा विचारीत होते.

"मी जना, दादा."

"दर्शनाक दी."

"दादा," दर्शना म्हणाली, "कौल झालो. उजवो झालो."

"खोटा सांगा नको. मी बगलंय. कळ्यो हलाक नाय. किती वेळ हात जोडून बसललंय मी. हयची पोरां कामार जावची थांबली. देव मुको ऱ्हवलो, दर्शना. मुको देव म्हणजे नाय."

"दादा, ता चित्र थांबलला."

"थांबलला कसा? असा स्वच्छ चित्र जल्मात बगूक नाय मी. देवाच्या हनुवटीर पाण्याचो थेंब व्हतो, तोसुद्धा दिसलो माका."

मनीषाताईने दर्शनाच्या हातून फोन घेतला.

"दादा, तो थेंब पडलो?"

"कसलो?"

"हनुवटीवरचो. पडलो काय?"

खाडीत होडी धक्क्याला घासल्याचा आवाज येत होता.

"नाय," विश्रामदादा म्हणाले.

"पाण्याचो थेंब इतको वेळ लोंबतता?"

"बरा. चित्र थांबलला. मगे कौल कोणी बगलो?"

"मी."

"गुरवान?"

"तेका बाजूक केललो."

"आयेन?"

"सगळी फोनात बगी व्हती."

विश्रामदादा हसले, पण ते हसणे ऐकवत नव्हते. "म्हणजे परत तसाच. एकान बगूचा आणि माका फोनार सांगूचा. तुज्या वेळाक मामान असाच सांगल्यान. पाच वर्सां झाली, मी तेचा तोंड बगूक नाय."

"मामान न्हय," मनीषाताई म्हणाली.

"काय?"

"मामाक मी सांगूक लावलंय. माका तो माणूस आवडललो. कौल डावो झालो तसा मी मामाच्या पायार पडलंय, म्हटलंय दादाक उजवो म्हणान सांगा. मामा इतकी वर्सां माज्या वाटेच्यो शिव्यो खाता, पण माजा नाव घेवक नाय."

वनिताकाकी धक्क्याच्या पायरीवर बसल्या. दर्शना बहिणीकडे पाहत राहिली. पाच वर्षे या घरात मनीषाताई ही फसवली गेलेली मुलगी होती. तिला कोणी वेडेवाकडे बोलत नसे, आणि जे बोलायचे ते मामांना बोलत. ते छत्र तिने त्या धक्क्यावर, आमच्या देखत, स्वतःच्या हाताने मिटले.

"मने," विश्रामदादांचा आवाज बदलला होता, "मगे आज तू खरा सांगतंस ह्या मी कशावरून मानू?"

"आज माका खोटाच सांगूचा असता, तर ह्या सांगूचा कारण काय व्हता?"

फोनवरील दांडी गेली, पुन्हा आली. मी तीच पाहत होतो. चित्र नव्हते, चेहरा नव्हता. नुसती खरखर होती आणि तिच्या पलीकडे एक माणूस विचार करीत होता.

"जनाक दी," तो माणूस शेवटी म्हणाला.

मी फोन घेतला. "बोला दादा."

"चौकटी बऱ्यो करतंस म्हणान आयकलंय."

"करतंय."

"तारीख काढा. मी गणपतीक येतंय. आता फोन ठेव. माका मामाक फोन लावचो आसा."

मी ठेवण्यापूर्वीच तो तुटला. दर्शना मनीषाताईजवळ जाऊन उभी राहिली. एवढ्यात निनाद पाखाडी उतरून आला. आमचे चेहरे पाहून त्याने कॉल झाला हे ओळखले आणि तो समाधानाने म्हणाला, "लागला ना? मी म्हटलं होतं, सेटल होईल."

"अहो, हा तुमचा नव्हे," मी म्हणालो. "हा पलीकडचा जुना."

"कंपनी एकच आहे हो," तो म्हणाला.

लग्न झाले. काही दिवसांनी मी लाकूड आणण्यास तालुक्याला गेलो असता बसस्थानकासमोर एक भव्य फलक दिसला. त्यावर देवळातील आमचे छायाचित्र होते. मी, दर्शना, सुलभाताई, सगळे फोनमध्ये डोके घालून उभे. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: 'विजेच्या वेगाने जुळले लग्न'. मी त्या फलकाखाली बराच वेळ उभा राहिलो. तक्रार कोठे करावी ते पाहण्यासाठी फोन काढला. पाच दांड्या होत्या. काही उघडले नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षे लोटली. आम्हास दोन अपत्ये आहेत. ती मुख्य तार कालांतराने गावात पोचली, आणि ती पोचते न पोचते तोच याहून नव्या नेटवर्कचे फलक लागू लागले. त्यात आता शेतातल्या म्हशीला ताप आला तर मालकाला कळेल असे म्हणतात. म्हैस काय म्हणते ते लिहिलेले नाही.

गेल्या वर्षी मनीषाताईने माझ्याकडून एक कपाट करवून घेतले. तिने तालुक्याला शिवणकामाचे दुकान काढले आहे. मामाच तिला रोज दुचाकीवरून सोडतात. कपाट बसवताना दुकानात आम्ही दोघेच होतो. इतकी वर्षे जो प्रश्न मी ओठावर येऊ दिला नव्हता तो त्या दिवशी आला. मागच्या खांबापासून गाभाऱ्याचे अंतर मी एकदा सुताराच्या नजरेने पाहिले होते, आणि आत समईखेरीज उजेड नव्हता हेही मला ठाऊक होते.

"ताई," मी म्हणालो, "त्या दिवशी उजवी कळी आधी पडलेली तुला खरोखर दिसली होती?"

तिने शिवणयंत्र थांबवले. दोरा दातांनी तोडला.

"जना, त्या दिवशी तुज्या फोनार पाच दांडे व्हते. तू तेंका विचारलंस काय, तुमी खरे काय म्हणान?"

"नाही."

"हलवून हलवून बगलंस, पण विचारूक नाय. मगे माकाच कित्या विचारतंस?"

मी कपाटाच्या दाराची बिजागरी घट्ट करू लागलो.

"वरचो खण अडाकता हां," ती म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. "तेवढो बग."

मी खण बाहेर काढला, कडेवरून रंधा फिरवला आणि पुन्हा आत घातला. तो सुरळीत सरकू लागला.

आपण येथवर वाचलेत, हे माझ्यासारख्या अल्पशिक्षिताचे भाग्य समजतो व सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
जनार्दन भिवा मेस्त्री, सुतार, सुरंगवाडी